यंत्र ठीक आहे, माणसाचें काय?

पेसमेकर हा शब्द आतां आपल्या घरांतून परका राहिलेला नाहीं. पूर्वीं ‘आमच्या अण्णांचा मोतीबिंदू काढला’ असें ज्या सहजतेनें सांगत, त्याच सहजतेनें आज ‘अण्णांना पेसमेकर बसविला’ असें पंगतींत शेजारच्याला सांगितलें जातें, आणि ऐकणारा ताकाचा भुरका मारून म्हणतो, ‘‘चला, एक काळजी मिटली!’’ ह्या काळजी मिटण्याविषयींच आम्हांस आज थोडें लिहावयाचें आहे. कारण ती मिटली असें आमच्या घरीं चार वर्षें समजून चाललों, आणि मग एका श्रावणांत ती नव्या रूपानें दारांत येऊन उभी राहिली.

आमच्या थोरल्या काकू सदाशिव पेठेंत आमच्याबरोबरच राहतात. वय ७८, पण लोणच्याच्या बरणीपासून पंचांगापर्यंत घरचा सर्व कारभार अद्याप त्यांच्याच हातीं आहे. यंत्र बसण्यापूर्वींची हकीकत अशी, कीं देवपूजा चालली असतां त्या एकाएकीं कलंडल्या, क्षणभर शुद्ध हरपली, आणि पुन्हां उठून ‘कांहीं नाहीं, उपासानें भोवळ आली’ असें म्हणून चंदन उगाळूं लागल्या. आठ दिवसांत असें तीन वेळां झालें. डॉक्टरांनीं नाडी मोजली ती मिनिटास ३४! हृदयाच्या वरच्या कप्प्यांत निघालेला संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोंचतच नव्हता. दुसऱ्या दिवशीं पेसमेकर बसला, चौथ्या दिवशीं काकू घरीं आल्या, आणि वर्षभरांत पर्वतीच्या १०३ पायऱ्या, वाटेंत दोनदां बसून कां होईना, चढून आल्या. मग आम्ही निर्धास्त कां होऊं नये?

गेल्या वर्षींच्या श्रावणांत मात्र त्यांचा उत्साह ओसरूं लागला. जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांना थांबावें लागे. रात्रीं एका उशीच्या दोन झाल्या, दोनांच्या तीन झाल्या. संध्याकाळीं घोट्यांवर सूज येई व बोटानें दाबलें तर खळगा राही. मधूनच छातींत पाखरूं फडफडल्यासारखें होतें, असें त्या म्हणत; पण तेंहि कोणी विचारलें तर. आपल्याकडील वडील बायका स्वतःचें दुखणें सांगतांना जणूं दुसऱ्याची चहाडी सांगत असल्यासारख्या संकोचतात.

एकत्र कुटुंबांत प्रश्न एक असला तर उत्तरें दहा असतात. आमच्या जावयांनीं बॅटरी संपली असें निदान केलें. धाकटी सून म्हणाली, काकू मोबाइल छातीशीं धरून भजनें ऐकत झोपतात, त्याचें हें फळ. शेजारच्या वहिनींनीं नव्या इंडक्शन शेगडीवर ठपका ठेवला. एका परिचित वैद्यबुवांनीं नाडी पाहिली आणि हसून हात खालीं ठेवला. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीच्या गतीला जळू, सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीची उपमा दिली आहे. येथें मात्र चाल एकाच प्राण्याची, भिंतीवरच्या घड्याळाची! ते प्रामाणिक गृहस्थ होते. ‘हें माझ्या शास्त्राच्या बाहेरचें, हृदयाच्या डॉक्टरांकडे लौकर जा’ असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें.

मोबाइल व शेगडी ह्यांविषयीं येथेंच सांगून टाकतों. मोबाइल यंत्रापासून वीतभर, म्हणजे निदान १५ सेंटिमीटर दूर असावा, आणि इंडक्शनच्या शेगडीपासून छाती सुमारें दोन फूट अंतरावर असावी, हें खरें आहे. लोहचुंबकहि छातीशीं नेऊं नये. गणेशोत्सवांत मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला टेकून उभें राहूं नये, कारण त्यांत जबर चुंबक असतात. देवळाच्या दारांतील धातुशोधक चौकटींतून थांबून न राहतां नेहमींच्या चालीनें निघून जावें. परंतु अशा गोष्टींचा परिणाम बहुधा त्या जवळ असेपर्यंतच टिकतो. त्यांनीं महिनाभर पायांवर सूज राहत नाहीं. म्हणजे आमच्या सूनबाईंचा तर्क चुकीचा होता. मोबाइल उशाखालून हलला हा त्यांतला लाभ.

शेवटीं शहरांतील एका रुग्णालयांत यंत्राची तपासणी करविली. तंत्रज्ञानें काकूंच्या खांद्याखालीं एक चकती ठेवली, पेटीच्या पडद्यावर आंकडे पाहिले, आणि दहा मिनिटांत कागद काढून दिला. यंत्र उत्तम चाललें आहे, बॅटरी आणखी सात वर्षें पुरेल, पुढच्या वर्षीं या. काकूंनीं विचारलें, ‘‘अहो, मग मला धाप कां लागते?’’ ‘‘वय झालें, आजी,’’ असें उत्तर मिळालें. ह्या सांगण्यांत खोटें कांहीं नव्हतें. यंत्र खरोखरच उत्तम चाललें होतें, आणि वयहि झालें होतें. परंतु काकूंचा प्रश्न यंत्राविषयीं नव्हता, आणि घरांतील आम्ही शिकलेलीं माणसें तो कागद घडी करून कपाटांत ठेवून आणखी तीन आठवडे स्वस्थ बसलों, ह्याची आम्हांस आजहि लाज वाटते.

हें यंत्र करतें तरी काय? निरोगी हृदयाला स्वतःचा पेसमेकर असतो. उजव्या वरच्या कप्प्यांतील पेशींचा एक लहानसा पुंजका मिनिटास ६० ते १०० वेळां विजेची सूक्ष्म लहर सोडतो. ती मधल्या एका ठाण्यावर किंचित् थांबून, खास तंतूंच्या वाटेनें खालच्या दोन्ही कप्प्यांत एकदमच पसरते, आणि हृदय आंकुंचन पावतें. दिवसाकाठीं असे सुमारें एक लाख ठोके पडतात. उगमापाशीं किंवा वाटेंत बिघाड झाला कीं ठोके मंदावतात. मग खांद्याखालीं कातडीच्या आंत एक चपटी डबी बसवितात. तिचें वजन साधारण २० ते ३० ग्रॅम. तिच्यापासून एक किंवा दोन तारा शिरेंतून हृदयांत जातात. ठोका वेळेवर आला तर डबी गप्प राहते. न आला तर स्वतः लहर सोडते. साधा पेसमेकर करतो तें एवढेंच. ठोका फार मंद होऊं न देणें हें त्याचें काम. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नळ्या तुंबणें, रक्तदाब वाढणें, झडपा बिघडणें, स्नायु दुबळा होणें, किंवा ठोके भलतेच जलद व बेताल होणें, ह्यांपैकीं कशालाहि तो अडवीत नाहीं. घराला राखणदार ठेवला म्हणून छप्पर गळावयाचें थोडेंच थांबतें?

ह्या यंत्राच्या इतिहासांत आर्ने लार्सन नांवाच्या स्वीडिश गृहस्थाचें स्थान मोठें आहे. ठोके अडल्यामुळें त्याला दिवसांतून अनेकदां मूर्च्छा येत असे. त्याची पत्नी एल्स-मारी हिनें शल्यवैद्य ऑके सेनिंग व संशोधक रूने एल्मक्विस्ट ह्यांचा पिच्छा पुरविला. ‘असें यंत्र अजून तयार नाहीं’ असें ते म्हणाले, तर ‘मग तयार करा’ असा तिचा आग्रह. एल्मक्विस्टनें बुटाच्या पॉलिशच्या डबीचा सांचा करून त्यांत यंत्र ओतलें, आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें तें लार्सनच्या पोटाच्या कातडीखालीं बसविलें. मनुष्याच्या शरीरांत पूर्णपणें बसविलेला हा पहिला पेसमेकर कांहीं तासांतच बंद पडला! दुसरा बसवावा लागला, तोहि फार टिकला नाहीं. पुढें ४३ वर्षांत त्याला एकंदर २६ यंत्रें लागलीं. यंत्र करणारा व बसविणारा दोघेहि त्याच्या आधीं गेले. लार्सन २००१ सालीं ८६ व्या वर्षीं निवर्तला, आणि तोहि हृदयविकारानें नव्हे, तर कर्करोगानें. प्रत्येक नव्या तक्रारीला दोन माणसें विचारीत राहिलीं म्हणून हा मनुष्य इतकीं वर्षें जगला, असें आमचें मत आहे. त्या बाईंचा पिच्छा तर आमच्या लक्षांतून जात नाहीं.

आतां नव्या लक्षणांकडे वळूं. कांहीं वेळां दोष यंत्राचाच असतो. तार सरकली किंवा तुटली तर जुनी भोवळ परत येते. जिला यंत्रापूर्वीं मूर्च्छा येत होती तिला यंत्रानंतर पुन्हां आली, तर तें पित्त नव्हे व उपासहि नव्हे. त्याच दिवशीं रुग्णालय गांठलें पाहिजे. तार श्वासपटलाला किंवा त्याच्या शिरेला लहर देऊं लागली तर ठोक्याच्या तालावर उचकी लागते, आणि आपण ‘कोण आठवण काढतें आहे’ म्हणून माहेरचीं नांवें मोजीत बसतों! डबी हातानें चाळविण्याची कांहींना संवय असते; तिनें तार गुंडाळली जाऊन निसटते. डबीवरची कातडी लाल होणें, गरम लागणें, पातळ होणें वा तेथून पाणी येणें हें तर अत्यंत गंभीर. त्यावर हळदीचा लेप लावून वाट पाहूं नये. बॅटरी संपत आली म्हणजे कित्येक यंत्रें आपोआप काटकसरीच्या पद्धतीवर जातात, आणि मनुष्याला एकदम थकवा जाणवूं लागतो.

कांहीं वेळां यंत्र धड असतें, पण त्याची जुळणी त्या माणसाला मानवत नाहीं. एकच तार खालच्या कप्प्यांत असली तर वरचे व खालचे कप्पे आपापल्या तालानें चालून एकमेकांवर आदळतात. मग मानेंत ठोके जाणवतात, घेरी येते, दम लागतो. ह्याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. चालतांना ठोके वाढविणारी योजना फार सुस्त किंवा फार उतावीळ असली तरी त्रास होतो. असल्या पुष्कळ तक्रारी कातडीला सुरी न लावतां, बाहेरच्या बाहेर जुळणी बदलून दूर होतात. म्हणूनच तपासणीच्या वेळीं रोग्यानें नुसतें पडून न राहतां बोललें पाहिजे. पडद्यावर आंकडे दिसतात. जिना दिसत नाहीं.

आणि कांहीं वेळां दोष हृदयाचाच असतो, किंवा, आमच्या काकूंप्रमाणें, हृदय व यंत्र ह्या दोहोंमधील.

त्यांना शेवटीं मार्गावर आणलें तें आमच्या पेठेंतल्या जुन्या डॉक्टरांनीं. त्यांनीं कोणतेंहि यंत्र काढलें नाहीं. खुर्ची ओढून विचारलें, ‘‘काकू, हें नेमकें केव्हांपासून? मंगळागौरीला जिना चढलांत तेव्हां थांबलां होतां? आडवें झाल्यावर खोकला येतो? वजन किती वाढलें?’’ वजन तीन आठवड्यांत साडेतीन किलोंनीं वाढलें होतें, आणि खाणें तर निम्म्यावर आलें होतें. ‘‘हें पाणी आहे,’’ ते म्हणाले, आणि हृदयतज्ज्ञांच्या नांवें चिठ्ठी दिली. चिठ्ठींत एक वाक्य ठळक होतें: यंत्र ठीक असल्याचें कळलें आहे, हृदय पाहावें.

इकोकार्डिओग्राम काढला. हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्यास आपल्यांतील रक्ताचा जो भाग बाहेर ढकलतो, तो यंत्र बसतांना शेंकडा ५८ होता. आतां ३६ झाला होता. मग तज्ज्ञांनीं कपाटांतला तोच जुना कागद मागितला, आणि त्यांतील एका ओळीवर बोट ठेवलें. काकूंच्या खालच्या कप्प्याचे शेंकडा ९९ ठोके यंत्र देत होतें. ती ओळ आमच्या घरीं तीन आठवडे पडून होती! तार असते उजव्या खालच्या कप्प्यांत. तेथून निघालेली लहर निसर्गानें आंखलेल्या तंतूंच्या वाटेनें न जातां मांसांतून हळूहळू वाट काढते. उजवी बाजू आधीं आवळते, डावी मागाहून. बहुतेक माणसें हें वर्षानुवर्षें सोसतात; पण ज्यांचे बहुतेक ठोके असे यंत्राचे असतात, त्यांतील शंभरांपैकीं दहा ते वीसांचें हृदय ह्या ओढाताणीनें दुबळें होत जातें. ज्यानें जीव वाचविला त्याच्याच तालानें हृदय थकलें, असा हा प्रकार. वेळीं कळलें तर त्यावर इलाज आहे, आणि तो बहुशः लागू पडतो.

एक इलाज असा कीं आणखी एक तार डाव्या बाजूस नेऊन दोन्ही बाजू एकदम चालवाव्या. दुसरा अधिक नवा. लहर नैसर्गिक तंतूंच्या वाटेवरच सोडावी, म्हणजे पुढें ती आपल्या मार्गानें जाईल. ह्या तंतूंचा मुख्य जुडगा विल्हेल्म हिस ह्या स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें १८९३ सालीं दाखविला, म्हणून त्यास हिसचा जुडगा म्हणतात. त्यावर कायमची तार बसवून हृदय चालविण्याचा मनुष्यावरील पहिला महत्त्वाचा वृत्तान्त २००० सालीं ‘सर्क्युलेशन’ ह्या अमेरिकन वैद्यकीय पत्रांत आला. त्याच्या लेखकांत पहिलें नांव डॉ. देशमुख ह्यांचें आहे. परदेशच्या शास्त्रीय ग्रंथांत आपल्या ओळखीचें आडनांव दिसलें कीं मराठी वाचकाचे डोळे तेथें क्षणभर थांबतातच; आमचेहि थांबले. तें काम हाताला फार अवघड म्हणून मागें राहिलें होतें. पुढें २०१७ सालीं चीनमधील वेन्झौ येथील हुआंग ह्यांनीं तार थोडी पुढें, डाव्या शाखेजवळ रोवण्याची पद्धति प्रसिद्ध केली, आणि ती सोपी ठरल्यानें जगभर पसरली. काकूंना ह्याच पद्धतीची नवी तार बसली. आधीं महिनाभर औषधें देऊन अंगांतलें पाणी उतरविलें होतें. त्या काळांत लोणचें-पापड घरांतून हद्दपार झाले, आणि काकूंपेक्षां आमच्या थोरल्या बंधूंनींच त्याविरुद्ध अधिक आक्रोश केला.

त्या पाखराचें काय, असें कोणी विचारील. यंत्राच्या स्मरणांत त्याचीहि नोंद सांपडली. वरचे कप्पे मधूनमधून कांहीं मिनिटें बेताल थरथरत होते. पेसमेकर नसता तर हें कळलेंहि नसतें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत, पासष्टीच्या पुढील व रक्तदाब असलेल्या २५८० यंत्रधारी माणसांवर तीन महिने लक्ष ठेवलें, तेव्हां दहांतील एकाच्या यंत्रांत अशी न जाणवलेली थरथर सांपडली, आणि अशांना मेंदूंत गांठ जाऊन पक्षाघात होण्याचा संभव सुमारें अडीचपट दिसला. मग रक्त पातळ ठेवण्याचें औषध लगेच द्यावें काय? २०२३ सालच्या मोठ्या प्रयोगांवरून असें दिसलें कीं अशा औषधानें पक्षाघात कमी होतात, पण मोठा रक्तस्राव वाढतो. थरथर किती वेळ टिकली, वय काय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वींचा झटका, हें सर्व तोलून डॉक्टर ठरवितात. आमच्या डॉक्टरांनीं तूर्त नको म्हटलें आणि दर तीन महिन्यांनीं नोंद पाहण्याचें ठरविलें. शेजारच्या घरीं दिलेलें औषध आपल्या घरीं कां नाहीं, ह्यावर येथें वाद घालण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही घरीं डॉक्टर बरोबर असूं शकतात.

तपासणीस जातांना काय न्यावें, हें आम्ही ठेच लागून शिकलों. यंत्राचें ओळखपत्र न्यावें. त्यावर कंपनी, जात, बसविल्याची तारीख असते, कारण एका कंपनीचें यंत्र दुसरीच्या पेटीला वाचतां येत नाहीं. मागचे सर्व कागद न्यावे. तक्रारीची तारीख व वेळ लिहून न्यावी. यंत्राच्या नोंदींतहि वेळ असते, आणि दोहोंचा मेळ पडला तर अर्धें निदान तेथेंच होतें. आणि विचारावें: किती ठोके यंत्र देतें? मागच्या खेपेपेक्षां काय बदललें? जलद ठोक्यांची नोंद आहे काय? इको शेवटचा केव्हां झाला? ‘ठीक आहे’ म्हटलें तर यंत्र ठीक कीं माणूस, हें पुन्हां विचारण्यांत उद्धटपणा नाहीं.

कांहीं लक्षणें मात्र वहींत लिहीत बसण्याचीं नव्हेत. छातीवर दडपण येऊन तें जबड्यांत वा हातांत उतरणें, दरदरून घाम, शुद्ध हरपणें, निजतां न येण्याइतकी धाप, तोंड वांकडें होणें वा बोलणें अडखळणें. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पेसमेकर असल्याचें पहिल्याच वाक्यांत सांगावें. यंत्रानें दिलेल्या ठोक्यांमुळें ई. सी. जी.चा आलेखच निराळा दिसतो व हृदयाचा झटका त्यांत झांकला जाऊं शकतो. रक्ताची तपासणी व जाणती नजर लागते. ‘पेसमेकर आहे, म्हणजे झटका नसेल’ हें वाक्य आम्हीं ह्या वर्षांत तीन निरनिराळ्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलें आहे.

नवी तार बसून आतां आठ महिने झाले. ३६ चा आंकडा ४७ वर आला आहे. जिन्याच्या वळणावर काकू थांबत नाहींत. उश्या मात्र अजून दोन आहेत, आणि पर्वतीचें नांव कोणी काढलेलें नाहीं. देवघराच्या कोनाड्यांत पंचांगाशेजारीं एक वही असते. रोज सकाळीं स्नानापूर्वीं वजन, मिनिटभर मोजलेली नाडी, आणि सूज आहे किंवा नाहीं, एवढें तींत लिहितात. दोन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढलें तर दूरध्वनि करावयाचा, अशी डॉक्टरांची आज्ञा आहे.

मागच्या तपासणीच्या वेळीं सर्व बोलणें संपल्यावर काकूंनीं पदर सांवरीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, कीं मी गेल्यावर ह्या डबीचें काय करावयाचें. आम्ही सर्व गोरेमोरे झालों. डॉक्टर मात्र शांतपणें म्हणाले, कीं दहनापूर्वीं ती काढून घ्यावी लागते, नाहीं तर उष्णतेनें आंतील बॅटरीचा स्फोट होतो. रुग्णालयांत वा घरच्या डॉक्टरांना सांगितलें कीं दहा मिनिटांचें काम आहे. घरीं आल्यावर काकूंनीं धाकट्या सुनेला वही आणावयास सांगितली व शेवटच्या पानावर तें लिहून घेतलें. ‘‘वैकुंठांत त्या भट्टीवाल्या मुलांना उगाच इजा नको,’’ त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशींच्या एकादशीसाठीं साबुदाणा भिजत घातला कीं नाहीं तें पाहावयास आंत गेल्या.